उजवा खांदा, पाठीमागून

३ जून
पुतण्याने विधिमंडळाच्या गौरवग्रंथात माझ्यावर लेख लिहिला आहे. ‘डॉक्टरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला.’ साफ खोटे! राष्ट्रीय पक्षातर्फे निवडून गेलो, त्या सात महिन्यांत मला साधे पडसेही झाले नाही. परक्या सरकारचे पत्रक याने जसेच्या तसे उतरवले. चुका तेवढ्या पदरच्या घातल्या.

४ जून
त्याला बोलावून खडसावले. मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा अकरा जखमी माझ्या दवाखान्यात आले. सरकार म्हणे, जमाव चाल करून आला. मी सभागृहात दवाखान्याची नोंदवही उघडली. नावे गाळून एकेक जखम वाचली — अकरांपैकी नऊ गोळ्या पाठीतून! चाल करून येणारा पाठ दाखवत नाही. अध्यक्षांनी नावे मागितली. दिली नाहीत.

पुतण्या खूश. म्हणाला, “मग काका, ‘निषेधार्थ राजीनामा’ असं करतो.”

मी मान डोलावली.

५ जून
का डोलावली?

७ जून
गौरवग्रंथ जिच्या छापखान्यात होतो आहे, ती बाई मुद्रिते घेऊन आली. तिचे वडील तिथेच खिळे जुळवीत. त्या अकरांपैकी एक. उजवा खांदा, पाठीमागून. लहानपणी ती माझ्याकडे गोवराला आली होती; आता केस पांढरे. चहा नको म्हणाली. मुद्रितावर बोट ठेवून तिने एवढेच विचारले, “डॉक्टरकाका, यात माझे बाबा कुठं आहेत?”

८ जून
सगळे छापणार म्हणताच पुतण्या काकुळतीला आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतो. या वयात नसते उकरू नका. मूठ माझी आहे. मीच उघडणार!

९ जून
शुद्धिपत्र छापखान्यात स्वतः नेऊन दिले. मजकूर असा; स्वल्पविरामही हलता कामा नये:

१२ मार्च : सभागृहात नोंदी वाचल्या. नवव्या नोंदीतले ‘बोटांना छपाईची शाई’ हेही वाचले. नोंद अर्धवट वाचणे मला कमीपणाचे वाटले.
१३ मार्च : पोलिसांनी छापखान्यांत कामगारांचे सदरे उतरवून खांदे पाहिले. खिळे जुळवणारा सापडला.
२ एप्रिल : तो कोठडीत वारला.
३ एप्रिल : राजीनामा दिला. माझी प्रकृती उत्तम होती.