चालवून पाहिलं

सोमवार, ३ तारीख

आजपासून अस्मादिक परीक्षक. पगार शून्य, रुबाब मोठा. आईच्या खोलीत श्वासाचं यंत्र आहे, त्याचा प्रोग्राम ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून लिहितात. कुणीही उघडून वाचावा, कुणीही सुधारावा. दोन वर्षं आई त्यांच्या जिवावर श्वास घेतेय, म्हटलं आपणही थोडा हातभार लावावा. आज खोकं आलं. आत चाचणीचं यंत्र आणि फुफ्फुसाच्या जागी एक रबरी पिशवी, काम सोडून गेलेल्या आधीच्या परीक्षकाची, दोन ठिकाणी पंक्चर काढलेली. आईला दाखवली तर म्हणाली, माझ्यापेक्षा हीच धडधाकट दिसते.

नियम एकच. नवा बदल मूळ प्रोग्रामात घालण्याआधी दोघांनी तो खऱ्या यंत्रावर चालवायचा आणि खाली आपल्या नावाने दोन शब्द लिहायचे: चालवून पाहिलं. अशा दोन सह्या पडल्या की बदल आपोआप आत जातो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घरोघरच्या यंत्रांत पोचतो. प्रकल्प सांभाळणारे काका फोनवर बजावून म्हणाले, "नुसतं वाचून ते शब्द लिहायचे नाहीत, पोरी."

गुरुवार, ६

पहिली चूक पकडली! श्वास थांबला की घंटा वाजायला हवी, ती अर्धं मिनिट उशिरा वाजत होती. काकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने झोपेचं सोंग घेतलं.

मंगळवार, ११

आईला ताप. डॉक्टर, औषधं, नुसती धावपळ. एक बदल माझ्या सहीसाठी अडला होता. पडद्यावरच्या एका शब्दाची वेलांटी सुधारलेली, बस्स. वेलांटीने कोण मरतंय? न चालवताच लिहून टाकलं.

बुधवार, १२

नवा बदल उघडला तर खाली माझी सही आधीच. वेळ दुपारी बाराची. तेव्हा मी आईला चमच्याने दूध पाजत होते. पासवर्ड बदलला. काका हसले, म्हणाले विसरली असशील. अशी कशी विसरेन?

शुक्रवार, १४

तोच बदल पिशवीवर चालवला. पिशवी खाली बसली आणि अकरा सेकंद वर आलीच नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं, थांबवा. पान पुन्हा उघडलं तर त्या जागी माझ्याच नावाने ते दोन शब्द. दुसरी सही अजून नाही, तेवढाच धीर.

शनिवार, १५

दुसरी सही पडली. आधीच्या परीक्षकाची.

काकांना फोन लावून सगळं सांगितलं, वेलांटीची सहीसुद्धा. मग ते म्हणाले, तो सोडून गेला नव्हता, वारला. त्याच्याआधी चार दिवस त्याची बायको. तीही याच यंत्रावर होती. त्यानेही एकदाच, न चालवता सही केली होती. बदल त्यांनी दोनदा मागे घेतला. दोनदा तो परत आत आला.

रविवार, १६, सकाळी

आईच्या यंत्राची नेटची तार उपटली. उशीर झाला, बदल आत आलाय. दवाखान्याची गाडी निघालीय, चाळीस मिनिटं म्हणाले. यंत्राशिवाय आई दहाही काढणार नाही. एका वेलांटीपायी. माझं काय व्हायचं ते होवो, तिला नको —

साडेनऊ

माझ्या चाचणीच्या यंत्राची वायर काढून ठेवलीय. तरी पिशवी हलतेय. आईच्या छातीबरोबर. वर. खाली.

पावणेदहा

पिशवी थांबली. आईही —

उठता येत नाही. पेन हातातून सुटत नाही —

नऊ. दहा. अकरा. बारा. आई माझ्याकडे बघतेय. घंटा का वाजत नाही — मीच तर तिची चूक पकडली —

हे मी लिहीत नाहीये. अक्षर माझं आहे, पण मी नाही — आई, मी नाही — चालवून पाहि