शैलाचं रीडिंग

३ फेब्रु. १९८२
आमची लेक शैला जाऊन तीन आठवडे झाले. कावीळ. आज कॉलेजात तिची एम.एस्सी.ची प्रयोगवही आणायला गेलो. तिच्या गाइडनी दिली नाही. म्हणाले, "मास्तर, तुमचं दुःख समजतं. पण हे आकडे खरे नाहीत. एक ग्रॅम कांद्यातून एवढा डीएनए निघत नाही. घरी बसून लिहिलेत तिने. प्रबंध पुढे पाठवणार नाही."
म्हटलं, मी करून दाखवतो.
सव्वीस वर्षं शाळेत रसायन शिकवतो आहे. तिथेच बाकावर बसून तिच्या वहीतली सगळी कृती आणि आकडे उतरवून घेतले.

६ फेब्रु.
शनिवारची अर्धी शाळा. ती सुटल्यावर कॉलेजात गेलो. तिथल्या प्रयोगशाळेचे शिपाई निकम यांनी दार उघडून दिलं. कांदा बर्फावर वाटला, साबणाची पूड आणि मीठ घातलं, मलमलीतून गाळला. वरून फ्रीजमधलं स्पिरिट.
निकम: "ढवळू नका मास्तर, तुटतंय. ताई कांडी नुसती फिरवायची."
पांढरे तंतू आले, थोडे. डायफेनिलअमीन घालून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. रंग जितका निळा, तितका डीएनए. माझा फिकट. कलरीमीटरवर ०.०७. वहीत तिचं ०.२९.
गाइड दारातून डोकावले. "पटलं?"
नळी धुऊन ठेवली.

७ फेब्रु.
मेहुणे सिन्नरहून आले. "भाऊजी, पोरगी गेली. आता डिग्रीचं काय लोणचं घालायचंय?"
तिला खोटी म्हणतात, ते मिटवायचंय, म्हटलं.
दुपारी एक विचार मनात आला. तो इथे लिहीत नाही.

९ फेब्रु.
स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडावर कांदा, मुळं पाण्यात. कांदे सुरकुतलेले. म्हटलं, हे टाकून दे आता.
सौ. म्हणाली, "हात लावू नका. पाणी रोज बदल म्हणाली होती. मुळांची टोकं कापून ती थर्मासमधून कॉलेजात न्यायची."
मला का नाही सांगितलंस?
"तुम्ही विचारलंत कुठे."
वहीत फक्त 'कांदा, १ ग्रॅम'. मुळाच्या टोकाला पेशी नवीन, लहान, दाट. ग्रॅममागे डीएनए जास्तच निघणार. नववीला दरवर्षी शिकवतो हे.
परवा दुपारी वाटलं होतं, आकडे तिने खरंच घरी बसून लिहिले असतील. त्याची लाज वाटते.

१३ फेब्रु.
टोकं जेमतेम अर्धा ग्रॅम भरली. तंतू कांडीला कापसासारखे गुंडाळले गेले. निळा रंग गडद. ०.१५.
निकम म्हणाले, "घ्या. ताईचाच रंग."
गाइडनी नळी उजेडात धरली. मग, "अर्धा ग्रॅम आहे. दुप्पट करून चालत नाही, मास्तर. पुरा ग्रॅम आणा."
"आणतो. तुम्ही वजन करा, तुम्हीच रीडिंग घ्या."
"वहीत मुळं लिहिलेलं नाही."
"ती चूक तिची. आकडे तिचे खरे."
निकमांनी बर्फाची बादली उचलली.

१४ फेब्रु.
बाजारातून नवे कांदे आणले. बाटल्या पुरेनात. सौ.ने लोणच्याच्या बरण्या रिकाम्या केल्या, घासून दिल्या. एकूण अठरा.
चार-पाच दिवसांत मुळं फुटावीत. शनिवारी जातो. नाही भरला ग्रॅम तर पुढच्या शनिवारी.
खिडकीतल्या बाटल्यांचं पाणी सौ. बदलते. ओट्यावरच्या बरण्या माझ्याकडे.