लाल टोपणाची बाजू

२१ सप्टेंबर २०१२
उत्तर ध्रुवाकडचा समुद्रावरचा बर्फ यंदा कधी नव्हता इतका कमी! पेपरातली बातमी आमच्या प्रयोगशाळेच्या मधुमती मॅडमनी कापून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "बघ नयना, आता सगळे आपल्याला विचारणार." सगळे म्हणजे कोण? लखनौत बर्फ म्हणजे लग्नात पाण्याच्या टाकीत टाकतात ती लादी. त्यापलीकडे कुणाला काय पडलंय!

ईश्वरने परत विचारलं, तू नेमकं करतेस काय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आमच्या! सांगितलं – दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाचा चिखल बोटीवरून नळीत भरून येतो. मी त्याच्या चकत्या कापते. एक नंबरची चकती वरची, म्हणजे अलीकडची. चाळीस नंबरची तळाची, जुनी. मग सूक्ष्मदर्शकाखाली बर्फात वाढणारं शेवाळ मोजते. शेवाळ जास्त तर त्या काळी बर्फ जास्त. तो म्हणाला, "आणि याचा पगार मिळतो?"

४ ऑक्टोबर
आज उलटीच बातमी. दक्षिणेकडचा बर्फ यंदा सगळ्यात जास्त! वर घटतो, खाली वाढतो. मॅडम खूश, कारण आमच्या नळीतही तेच दिसतंय – मागच्या काही शतकांत त्या जागी बर्फ वाढतच गेला. मोजणी माझीच. पण पृथ्वी तापतेय म्हणतात ते मग काय? कुणाचं खरं धरायचं?

१० ऑक्टोबर
काल मॅडमचं व्याख्यान. बिचाऱ्या चार वेळा म्हणाल्या, "ही एका जागेची गोष्ट आहे." आज हिंदी पेपरात काय छापलं? 'लखनऊ की वैज्ञानिक का दावा: पिघल नहीं, बढ़ रही है बर्फ'. शेजारचे नरेंद्रजी फाटकावरूनच ओरडले, "भाभीजी, मैं तो पहले ही कहता था, सब विदेशियों का ड्रामा है!" मी नुसती हसले. नाही म्हणावं की हो, तेच कळेना.

१९ ऑक्टोबर
लेक कौमुदी शाळेच्या वादविवादात पहिली आली! 'हवामानबदल हा बागुलबुवा आहे' या बाजूने बोलली. चिठ्ठीत तीच बाजू निघाली होती. आमचा आलेख मोठा करून नेला आणि म्हणाली, "ये मेरी मम्मी ने ख़ुद गिना है." टाळ्याच टाळ्या. माझी छाती फुगली. खोटं कशाला लिहू?

२० नोव्हेंबर


नवीन आलेल्या संपदाला काम शिकवत होते. सांगितलं, वरचा चिखल पातळ असतो, तळाचा भाराने दाबलेला, त्यात पाणी कमी. म्हणून प्रत्येक चकती ओली तोलायची, मग वाळवून तोलायची. दाखवायला माझंच रजिस्टर उघडलं. तर एक नंबरात पाणी सगळ्यात कमी, आणि पुढे चाळीसपर्यंत वाढतच गेलेलं!

ती म्हणाली, "मॅम, ये तो उल्टा है ना?"

मी म्हटलं, "जा, चहा घेऊन ये."

२१ नोव्हेंबर
उलटंच आहे. जुनं खोकं काढून पाहिलं. आजवरच्या सगळ्या नळ्यांना लाल टोपण तळाला असायचं. या वेळच्या बोटीवर लाल वर. तसा कागदही होता खोक्यात. चिखलाने चिकटलेला, घडीसुद्धा मोडलेली नाही. वाचते कशाला? वीस वर्षांचा अनुभव ना माझा!

म्हणजे बर्फ त्या जागी वाढला नाही. घटला.

२५ नोव्हेंबर
कुणाला सांगितलं नाही. मॅडम महिनाअखेर नाही, पुढच्या महिनाअखेर निवृत्त होतायत. लेख छापायला गेलाय. सांगितलं तर त्यांची शेवटची नाचक्की माझ्यामुळे. पुण्याच्या त्या, मी वर्ध्याच्या गल्लीतली, दहावीनंतर टायपिंग शिकलेली. त्यांनी हाताला धरून सूक्ष्मदर्शकावर बसवलं. त्यांच्याच घरात साप सोडू?

आणि आता नळी उलटी केली तर नरेंद्रजींसारखे म्हणतील, बघा, हवा तसा आलेख फिरवला. खरं सांगितलं तरी खोटं वाटणार! डोकं चालत नाही.

६ डिसेंबर
बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. गर्दीत कौमुदीला एकदाचं सांगून टाकलं. तिला पुढच्या फेरीत तोच आलेख न्यायचाय.

"मम्मी, आपने गिना था ना?"

"मोजणी बरोबर आहे गं. नळी उलटी होती."

"तो अब मैं किस साइड बोलूँ?"

मग तीच म्हणाली, "ग़लती हुई तो बता दो ना. आप ही तो कहती हो." उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली.

७ डिसेंबर
सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"किती जणांना सांगितलंस?"

"फक्त लेकीला."

"बरं. दोन दिवस दे मला."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० डिसेंबर
मॅडमनी लेख मागे घेतला! पत्र माझ्यासमोर लिहिलं.

३१ डिसेंबर
काय थंडी! शाळा बंद. नरेंद्रजी शेकोटीपाशी, "कहाँ है आपकी ग्लोबल वार्मिंग?" आज मी थांबले. म्हटलं, "भाईसाहब, एका गल्लीतली थंडी म्हणजे दुनिया नाही." मराठीतच बोलून गेले, त्यांना कळलं नसेल. जाऊ दे.

मॅडमचा निरोपसमारंभ. भरल्या सभागृहात उभ्या राहून म्हणाल्या, "ग़लती हुई, ज़िम्मेदारी मेरी है. पकड़ी नयना ने." सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मी रडत होते. नंतर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू नसतीस तर मला कळलंच नसतं गं." एवढं मोठं मन! मी उगीच इतके दिवस घाबरत बसले.

३ जानेवारी २०१३
मॅडमचं कपाट रिकामं करायला मलाच सांगितलं. एका फाइलीत माझ्या वजनांच्या तक्त्याची झेरॉक्स. चाळीस नंबरभोवती पेन्सिलीने गोल. शेजारी त्यांचं बारीक अक्षर – "नळी उलटी? नयनाला विचारणे. १३ ऑगस्ट."

मला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.