भिंतीवरची हिरवळ

ती. स्व. मावशीस,

इथूनच वाकून नमस्कार (कंबर साथ देईल तेवढा). तुझा गुडघा आता काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत, फक्त खुर्चीत बसल्या बसल्या तंद्री लागते. तू म्हणशील, ही तर लहानपणापासूनची खोड. खरंय, पण आता तिचा पगार मिळतो.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत पेशंटांना वेळा ठरवून देतं, हे तुला ठाऊक आहेच. ते नीट चालतंय का, हे तपासायला वेगळे प्रोग्रॅम असतात. तपासणी पास झाली की माझ्यासमोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा ठिपका, नापास झाली की लाल. दुपारी खिडकीतून ऊन येतं, पंखा संथ फिरतो, आणि ते हिरवं बघता बघता मी बूट काढून त्या गवतावर चालायला लागतो. (लाल ठिपका दिसला की पायात काटा रुततो. म्हणून आमच्यात एक पद्धत पडली आहे: जी तपासणी लाल होईल ती बंद करून टाकायची. बंद केलेली तपासणी हिरवी दिसते.)

हे प्रोग्रॅम लिहिणारा आमचा जुना माणूस सोडून गेला, आणि साहेबांनी बजावलं, की महिनाअखेर अनुभवी माणूस नेमला नाहीस तर तुझीही खुर्ची रिकामी समज. माझी झोप उडाली असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मुलाखती सुरू केल्या. पहिल्या गृहस्थांना येत नाही असं जगात काही नव्हतंच. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मी गवतावर बराच लांब गेलो, परतलो तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. मग एक चष्मेवाल्या बाई आल्या. बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. पडद्याकडे बघत म्हणाल्या, “एकही लाल नाही? मला जरा काहीतरी मोडून बघू द्या.” मी मोठ्या ऐटीत कीबोर्ड पुढे सरकवला. सरावासाठी ठेवलेल्या सॉफ्टवेअरमधून बाईंनी वेळ ठरवायचा भागच उडवला आणि तपासण्या पुन्हा चालवल्या. भिंत हिरवीगारच! मावशी, इतकं सुंदर हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. “हे आधी लाल करा, मग मला बोलवा,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी बंद केलेल्या सगळ्या तपासण्या चालू केल्या. भिंत लालेलाल झाली. (संध्याकाळच्या उन्हात तीही काही वाईट दिसत नाही.) बाकी सगळं क्षेम.

तुझा तंद्रीबाज भाचा

ता. क. बाईंच्या अर्जावरचा पत्ता वाचला, तर त्या तुझ्याच वरच्या मजल्यावर राहतात! माझा फोन उचलत नाहीत. तेवढा जिना चढून त्यांना सांगशील का, की भिंत लाल झाली आहे आणि मुलगा मनाने चांगला आहे?

ता. क. दुसरा. जिना नको चढूस, खालूनच हाक मार. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांची तुझी वेळ आमच्याच सॉफ्टवेअरने दिली आहे ना? लाल ठिपक्यांत तुझ्या दवाखान्याची तपासणीही निघाली. आधी तिथे फोन करून खात्री करून घे, मग बाईंना हाक मार.