काटोलच्या संत्र्यांना साखरेचे चिलखत

नागपूर,
फाल्गुन शुद्ध चतुर्थी, १९७४

तीर्थरूप सिंधूताईस,

धाकट्या केशवचा साष्टांग नमस्कार. मारुतीच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत. तुझे गुडघे आणि भाऊजींचा दमा तुम्हां दोघांनाही बरे राहू देत असतील अशी आशा आहे. तू काटोलहून पाठवलेली संत्र्यांची टोपली पोचली. संत्री गोड होती असे ऐकतो. (ऐकतो असे का लिहिले, ते पुढे येईलच.)

शेजारच्या जयवंताबाईंचा भाचा विलायतेत असतो. त्याने पाठवलेल्या मासिकात एक रंगीत चित्र होते. काडीला टोचलेले सफरचंद आणि त्यावर साखरेच्या पाकाचे काचेसारखे कवच. तिकडे सणाला हे घरीच करून पोरांना देतात म्हणे. चित्र पाहिले आणि मला आपली गावची होळी आठवली. बाकीची पोरे बाजारातल्या साखरेच्या गाठी गळ्यात घालून फिरत, आणि आपली आई बोरांची माळ गुळाच्या पाकात बुडवून आपल्याला घाली. माझ्या माळेतली मानेमागची बोरे नेहमी कमी होत. मारुती आपला वाटा नेतो असे तू सांगायचीस आणि मी हात जोडायचो. (तुझ्या तोंडाला गुळाचा वास येई, पण देवाच्या कारभारात मी कशाला लक्ष घालू?)

त्याच आईचे दिवाळीला इथे आल्यापासून मन रमलेले नाही, हे तुला ठाऊक आहे. आम्ही तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, तरी ती खाटेवर भिंतीकडे पाहत बसते. काही विचारले तर "हो", नाहीतर "नाही". येत्या रविवारी भाऊजी तिला न्यायला येणार, आणि माझ्या घरून आई अशी मुकी जाणार, हे मला गोड लागेना. वाटले, जाण्याआधी तिच्या माळेसारखे काहीतरी करून तिच्या हाती द्यावे. बोरांचा हंगाम सरलेला. सफरचंद आपण डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेत नाही. घरात तुझी टोपली भरलेली. नागपूरच्या माणसाला दुसरे काय सुचणार?

तुझी भावजय कौशल्या देवळात गेली होती, तेवढ्यात मी शेगडी पेटवून साखरेचा पाक केला. नव्या खराट्याच्या काड्या उपसून संत्र्यांना टोचल्या आणि एकेक संत्रे पाकात बुडवले. सालीसकट. (चित्रातले सफरचंद सालीसकटच होते.) ताटाला तूप लावायचे राहिले म्हणून ती वर्तमानपत्रावर ठेवली, तर एकाला मंत्र्यांचे अख्खे भाषण चिकटले. त्यातल्या त्यात कोरे संत्रे मी देवापुढे ठेवले. देवाने तोंड लावले नाही, आणि तो जाणता आहे हे मला लवकरच कळले.

कौशल्या परतली आणि म्हणाली, "अवो, पण हे सोलाचं कसं?"

ताई, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. जयवंताबाईंच्या पोराने चाटून पाहिले, मग चावले, आणि विचारले, "काका, हे खोकल्याचं औषध हाय काय?" शेवटी मी वरवंटा घेतला. पहिल्याच घावाला रसाची चिळकांडी माझ्या दोन्ही डोळ्यांत. आंधळ्यासारखा चाचपडत असताना खाटेकडून हसण्याचा आवाज आला.

"केशवा, काहून गा मारून राहिला त्या संत्र्याले? त्यानं तुह्यं काय घेतलं?"

मी डोळे धुऊन येईपर्यंत आई शेगडीपुढे बसली होती. "सरक तिकडं. मास्तरानं तुले पाढे शिकवले, पाक नाही शिकवला." तिने उरलेली संत्री सोलली, फोडी दोऱ्यात ओवल्या, गुळाचा पाक करून माळा त्यात बुडवल्या. (नुसते संत्रे माझ्या वाट्याला आलेच नाही.) मग अंधार पडेपर्यंत तिने कौशल्येला, मला आणि जयवंताबाईंना मिळून इतके रागावून घेतले की घर भरल्यासारखे वाटले.

थोरांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
केशव

ता. क. भाऊजींना रविवारी पाठवू नकोस. आईला होळीपर्यंत माझ्याकडे राहू दे. तिला अजून विचारलेले नाही. ती "नाही" म्हणेल या भीतीने आधी तुला लिहितो.

ता. क. दुसरा. कौशल्येने वरचा ता. क. आईला वाचून दाखवला. आई सांगते तसे आता लिहितो:

"सिंधे, जावयाले रविवारी पाठवजो. खाली हातानं नोको. संत्री अन् गुळाची भेली देजो. सामान ठेवून त्याले वापस जाऊ दे, मी येत नाही. इतके दिवस या लेकानं मले देव्हाऱ्यात बसवल्यावानी बसवलं, कायलेच हात लावू देईना. आता शेगडी माह्या ताब्यात हाय. होळीले तूच ये. पण बसाले नोको येऊ, कामाले ये."