फाटकावरच्या डब्याची चहाडी

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
पगाराची स्लिप आली. कराचा कोड बदललाय! चार वर्षं १३८३ एम होता, आता १२५७ एल. म्हणजे कर जास्त, हातात पगार कमी. मला न विचारता.

डेपोत पगाराचं काम मिसेस ऑगल बघतात. म्हणाल्या, गॉर्डन, आम्ही काही ठरवत नाही रे बाबा, कर खातं सांगतं तो कोड घालतो, तुलाही नोटीस आली असेलच. म्हटलं, पोस्टमन माझ्याकडे फक्त पिझ्झाची पत्रकं टाकतो. म्हणाल्या, अरे, तू कागद बंद करून ऑनलाइन घेतलंयस, तिथे बघ. मी असलं काही केलेलं नाही. घरातले कागद माझी बायको, बेव्ह, बघते. तो एमसुद्धा तिनेच कुठलासा फॉर्म भरून आणला होता.

बेव्ह नेमकी घरी नाही. सात जानेवारीपासून तिच्या बहिणीकडे, पॉलीनकडे, बेरिकला. पॉलीनचा गुडघा. दोन्ही बॅगा, शिलाई मशीन आणि आईचं घड्याळ घेऊन गेली. गुडघ्याला वेळ लागतो.

संध्याकाळी, ६.१५
उलगडलं! चहाडी. नगरपालिकेच्या मळ्यात माझा भाजीचा तुकडा आहे, त्याच्या फाटकाला मी जादाची भाजी आणि एक डबा ठेवतो. ज्याने त्याने न्यावी, पैसे टाकावेत. आठवड्याला अकरा पौंड, आणि एखादं बटण. ही कमाई कोणीतरी कर खात्याला कळवली.

कोणीतरी म्हणजे सिरिल फेनविक. शेजारचा तुकडा त्याचा. गेल्याच रविवारी हसत म्हणाला, काय रे, बरं जमतं वाटतं डब्यात! सप्टेंबरात लीकच्या, म्हणजे जाड दांड्याच्या पातीकांद्याच्या स्पर्धेत तो पहिला आला, मी दुसरा. तेव्हापासून माझ्यावर जळतो.

निश्चय: त्याला मातीत लोळवल्याशिवाय गप्प बसणार नाही. पण आधी नोटीस शोधायची. पुरावा हवा.

रविवार, २ मार्च
ऑनलाइन गेलो. बारा आकडी ओळखक्रमांक मागतात. माझ्याकडे नाही. पासवर्ड मागतात. बेव्हचं नाव घातलं, चूक. लीक घातलं, चूक. सिरिलला चार शिव्या घातल्या, त्या मशीनने घेतल्या नाहीत.

बेव्हला फोन केला. पॉलीनने उचलला, म्हणाली, ती आंघोळीला गेलीय. अकराला आंघोळ. तीनलाही आंघोळ. सहालाही. बेरिकला पाणी मुबलक दिसतं. पॉलीन मात्र प्रत्येक वेळी जिना धावत उतरून आल्यासारखी धापा टाकत होती. गुडघा सुधारतोय म्हणायचा.

बुधवार, ५ मार्च
सूड क्रमांक एक. सिरिलची शेड नियमापेक्षा उंच आहे. टेप घेऊन मागच्या बाजूने मापायला लागलो, तर हा बाहेर आला आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. विचारलं, कशासाठी मापतोयस? म्हटलं, सहज. म्हणाला, सरळ धर लेका, वाकडी येतेय. सात इंच जास्त! घरी येऊन मळ्याच्या कमिटीला कडक पत्र लिहिलं.

सोमवार, १० मार्च
कमिटीच्या सेक्रेटरी मिस थर्लबेक येऊन गेल्या. त्याची सात इंच जास्त, माझी नऊ. दोघांनी महिन्याभरात उतरवायची, तक्रार माझी म्हणून सुरुवात माझ्यापासून. हात दाखवून अवलक्षण! त्या बाईलाही सिरिलने फितवलंय. तिचंही नाव सुडाच्या यादीत.

मंगळवार, ११ मार्च
लायब्ररीत गेलो. डोरीन नावाच्या बाई तिथे आमच्यासारख्या लोकांना ऑनलाइन शिकवतात. आमच्यासारख्या म्हणजे कशा, विचारलं नाही. पासपोर्ट दाखवून ओळखक्रमांक मिळवला. वाटलं, आता नोटीस हातात. तर म्हणे तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवलेत, ते घाला. माझा फोन गप्प. खात्याला नंबर बेव्हचा दिलेला!

पुन्हा पॉलीन. तिने आकडे वाचले, मी टिपले, पण चष्मा घरी राहिल्यामुळे मशीनमध्ये घालताना तिनाचे आठ केले. तीनदा. मशीनने दोन तासांसाठी हाकलून दिलं. फोन ठेवताना पॉलीन म्हणाली, बेव्हचा निरोप आहे, उघडलं की नीट वाच, पार शेवटपर्यंत वाच. आवाज खाली आणून म्हणाली. बघा, गुडघ्याच्या गडबडीतसुद्धा बेव्हला माझ्या लढ्याची काळजी! दोघं मिळून सिरिलला गाडू.

रविवार, १६ मार्च
सूड क्रमांक दोन, आणि हा जालीम. पहाटे उठून आइस्क्रीमच्या डब्यात चाळीस गोगलगाई जमवल्या. सिरिलच्या लीकच्या रोपांत सोडायच्या. आधी चहा घ्यावा म्हणून डबा माझ्या काचघरात ठेवला. झाकण घट्ट लावलं होतं. बहुधा.

दुपारी, १२.४०
माझ्या रोपांचे नुसते दांडे उरलेत. दोन टोपल्या रोपं! झाकण सिरिलने उघडलं असणार.

दुपारी, ३
कहर झाला. सिरिल सहा रोपं घेऊन आला. म्हणाला, घे, माझ्याकडे जास्त झालीत, सप्टेंबरात तू नसलास तर जिंकण्यात काय मजा? चोराच्या मनात चांदणं! मग स्वतःचे बूट बघत त्याने विचारलं, बेव्ह यायचीय का रे परत? म्हटलं, गुडघा बरा झाला की. मग म्हणाला, आमच्या हिच्याकडून एक पेस्ट्री आणलीय, किडनी भरलेली, गरम करून खा.

पेस्ट्री खाल्ली. शत्रूची असली म्हणून टाकायची नाही. रोपं काचघराबाहेर ठेवून दिली, सुकू देत.

मंगळवार, १८ मार्च
लायब्ररी. सहा आकडे पंधरा मिनिटं चालतात. पॉलीनला म्हटलं, बेव्हला फोन दे. म्हणाली, नाही देणार. म्हटलं, नवरा आहे मी तिचा. म्हणाली, गॉर्डन, कधीतरी ऐकत जा रे माणसाचं. सोळा मिनिटं गेली.

पॉलीन यादीत.

शुक्रवार, २८ मार्च
स्लिप आली. कोड तोच, एल. नवीन वही आणलीय. नोटीस मिळाली की तारीख, कोड, कारण आणि गुन्हेगार असे रकाने पाडून सगळं टिपून ठेवणार. गुन्हेगाराचा रकाना आधीच भरलाय.

रोपं सुकली नाहीत. कोणीतरी पाणी घालतंय.

गुरुवार, ३ एप्रिल
उघडलं. न वाचलेल्या नोटिसा नऊ. चष्मा लावून पहिलीपासून वाचल्या. डोरीनबाई शेजारी बसल्या होत्या.

डब्याचा उल्लेख कुठेच नाही. सिरिलचाही नाही. शेवटच्या नोटिशीत कोड कसा बनला ते ओळीओळीने दिलंय. एक ओळ विवाह सवलतीची. आपल्या वाट्याच्या करमुक्त रकमेतला तुकडा बायको नवऱ्याला देते, कोडमधला एम म्हणजे तेच. तिच्याखाली: पत्नीने सवलत रद्द केली, तारीख १४ जानेवारी. कारण: विभक्त.

पुन्हा वाचली. पार शेवटपर्यंत.

डोरीनबाई म्हणाल्या, मिस्टर डॉड्स, पाणी आणू का? म्हटलं, छपाई होईल का याची? म्हणाल्या, होईल, वीस पेन्स. डब्यातले होते खिशात, तेच दिले.

संध्याकाळी, ५
हे सगळं पॉलीनने तिच्या मनात भरवलं असणार.

५.१०
पॉलीनला काय पडलंय.

शनिवार, ५ एप्रिल
शेड उतरवायला सुरुवात केली. सिरिल शिडी धरायला आला. त्याला सांगितलं. म्हणाला, ठाऊक होतं रे, फेब्रुवारीत आमची ही भेटली होती बेव्हला, म्हटलं तू सांगशील तेव्हा बोलू. मी म्हटलं, सांगायला मला तरी कुठे माहीत होतं? दोघांनी मिळून नऊ इंच उतरवली. मग सहा रोपं लावली. पाणी तोच घालत होता. यादीतून त्याचं नाव खोडलं, मिस थर्लबेकचं आणि पॉलीनचंही. यादी संपली, पण राग उरलाय, आणि तो कुणावर काढू तेच कळत नाही.

परवा लायब्ररीतून आकडे विचारायला फोन केला, तेव्हा पॉलीनने नव्हता उचलला. बेव्हने उचलला होता. सहा आकडे सावकाश सांगितले, तिनाशी थांबून म्हणाली, तीन, गॉर्डन, आठ नव्हे. सगळे आकडे पुन्हा एकदा सांगितले. मी घाईत होतो, नोटीस बघायची होती, बरं म्हणून ठेवला.

पंधरा मिनिटांत ते बाद होतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर अजून तसेच आहेत.