आईच्या तोंडी दुसरीचा आवाज

बाबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण तुमच्याबद्दल चांगलं आठवायला बसलो की चेन्नईतल्या आपल्या मराठी मंडळाचा तो सिनेमाच आठवतो, आणि मग चांगलं काही उरत नाही.

सुनामीच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंडळातल्या पोरापोरींनी ठरवलं, की मराठी माणसं तंजावरला आणि तिथून चेन्नईत कशी आली याचा तासाभराचा सिनेमा करायचा. पोरं आपसात तमिळमध्ये भांडायची आणि इंग्रजीत समेट करायची, पण उत्साह खरा होता. कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्यांची पुढारी; तिच्याकडे काकाचा हँडीकॅम होता. तुम्ही मंडळाचे चिटणीस, रेल्वेतून निवृत्त, दिवसभर रिकामे. आठवड्याभरात सिनेमा तुमचा झाला. संहिता तुम्ही लिहिलीत आणि सेनापतीही तुम्हीच झालात. टी. नगरच्या एका गल्लीतून नाटकाचे कपडे भाड्याने आणलेत. ते तमिळ राजांचे, त्यामुळे तुमच्या फेट्याखाली झगमगीत छातीपट्टा. मे महिन्याच्या घामाने डिंक सुटून दाढी एका कानाला लोंबतेय, आणि तुम्ही समुद्राकडे तलवार रोखून ओरडताय. घोडा एकच, बीचवर मुलांना फेऱ्या मारणारा. तो तुमच्याखाली जागचा हलेना. मागे कार्यकारिणीतले साठीचे कारकून घोडदळ म्हणून पायीच पळताहेत. प्रत्येकाचा पूर्वज सरदार होता म्हणे. मला तेव्हा हसू आलं होतं. आता हसूही येत नाही.

त्या मुलीलाच एकटीला सुचलं, की आपल्या घरात खरंखुरं तंजावरचं माणूस आहे, आई. एका दुपारी तुम्ही मंडळात गेला असताना ती नुंगंबाक्कमच्या घरी आली. आई स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी माइक धरून ओट्याला टेकलो. मुलीने विचारलं, "मामी, तुमच्या घरचे तिकडे काय करायचे?" आई आधी लाजली, मग बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबली नाही. "आमचे घरीं तरवार कोणें धरली नाहीं. अरुवामनै धरली." आणि कोपऱ्यातल्या विळीकडे तिने बोट दाखवलं. "वाड्याचे मुदपाकखान्यांत वांगीं चिरलीं. रोंब चिरलीं." राज्य बुडालं, मुदपाकखाना मोडला, तेव्हा तिचे खापरपणजोबा लोकांच्या लग्नात रांधायला जाऊ लागले. पहिल्याच लग्नात त्यांना कोणी पंगतीत बसवलं नाही. ते चुलीपाशी उभ्याने जेवले. "मग ते बोलले, जो मज पानावर बसवील, त्याचेच घरीं रांधीन. तीन मास कोणें बोलाविलें नाहीं. घरचीं उपाशीं. पण ते गेले नाहींत." मुलगी रडत होती. आई तिला म्हणाली, "परवायिल्ल, असूं दे, पुढें बोलाविलें की," आणि शेंगा सोलू लागली.

हे तुम्ही माझ्या वेलचेरीच्या फ्लॅटवर पाहिलंत, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे होता आणि जोडकाम मीच करत होतो. तुमचा चेहरा मला स्पष्ट दिसतोय. "आचाऱ्याची गोष्ट? आपल्या सिनेमात?" मुलगी म्हणाली, "अंकल, हीच तर हिस्टरी आहे. खाली अक्षरं टाकू, सगळ्यांना कळेल." तुम्ही म्हणालात, "हे मराठी आहे? पुण्यात कोणी पाहिलं तर हसतील आपल्याला." मला नवल वाटलं नाही. मी तिसरीत असताना आई वाढता वाढता म्हणाली होती, "रोंब गरम आहे," आणि तुम्ही पान बाजूला सारून तिला डाव हातात धरून तीनदा म्हणायला लावलं होतंत: फार गरम, फार गरम, फार गरम. माझ्यासमोर.

तुम्ही आईचं चित्र ठेवलंत, कारण तंजावरची बाई दाखवायला हवी होती. आवाज काढून टाकलात. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बँक अधिकाऱ्याच्या बायकोकडून तुम्ही लिहिलेली वाक्यं वाचून घेतलीत: माझे पूर्वज सरदार होते, या भूमीवर त्यांनी तलवार गाजवली. मुलगी म्हणाली, "मग माझं नाव काढा," आणि कॅमेरा घेऊन गेली. मी गेलो नाही. आईच्या ओठांवर ती वाक्यं मीच बसवली. दोन रविवार लागले.

सिनेमा दाखवला त्या संध्याकाळी आई कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर ती शेंगा सोलतेय, तोंड उघडते, आणि त्यातून ती पुण्याची बाई बोलते. लोक टाळ्या वाजवतात. आईने मान वळवून मला विचारलं, "ही कोण बोलते रे?" मी म्हणालो, "आवाज नीट आला नव्हता, आई." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ऑटोत तुम्ही खुशीत होतात. "कसा वाटला?" ती म्हणाली, "नल्ला इरुक्कु." छान आहे. तुम्हाला वाटलं, सहज बोलली.

त्यानंतर तीन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, ती तुमच्याशी एक शब्दही मराठीत बोलली नाही. भांडली नाही, जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, पण सगळं तमिळमध्ये, माझ्याशीही. आणि तुम्ही, चाळीस वर्षं या शहरात राहून भाजी घेण्यापुरतं तमिळ शिकलेले! स्वतःच्या बायकोचं बोलणं समजायला तुम्ही मला फोन करायचात. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ती तुमच्या उशाशी बसून हळू आवाजात बरंच काही बोलायची. तुम्ही माझ्याकडे बघून विचारायचात, "काय म्हणते ती?" मी सांगायचो, पाणी हवं का विचारते. ती तेवढंच विचारत नव्हती. तुम्हाला बाकीचं सांगावं असं मला वाटलं नाही.

तुमच्या तेराव्यानंतर ती माझ्याशी पुन्हा तिच्या मराठीत बोलू लागली. ती मुलगी आता परदेशी असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला: मामींच्या गोष्टी लिहून ठेवाल का? मी वही घेऊन आईजवळ बसलो. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो, दहा पानं झाली. मग लिहिलेल्यावरून नजर फिरवली. ती "गेल्हों" म्हणाली तिथे मी "गेलो" लिहिलं होतं, "दिल्हें" म्हणाली तिथे "दिलं." दहाही पानांवर एकही ओळ तिची नव्हती. मी ठरवून केलं नव्हतं, हात तसाच चालला होता.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. त्या दिवशी मी वही मिटताना आई म्हणाली, "वाच पाहूं, काय लिहिलेंस." मी म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तिला हल्ली फारसं दिसत नाही.